खड्ड्यातला गडी

गुरुवार, रात्री उशिरा

आज प्लेटोचा 'युथिफ्रो' पुन्हा वाचला. छोटासा संवाद, एका बैठकीत होतो. पण त्यातला तो गडी काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

इ.स.पू. 399. सत्तरीचा सॉक्रेटिस अथेन्समध्ये कोर्टाच्या कामाला आलाय. मेलेटस नावाच्या कुणा तरुणाने त्याच्यावर खटला गुदरलाय. कोण हा मेलेटस, असं विचारलं तर म्हातारा वर्णन करतो: लांब सरळ केस, विरळ दाढी, बाकदार नाक. पुढे याच खटल्यात त्याचा जीव जाणार आहे, आणि याचं लक्ष दाढीकडे!

तिथेच युथिफ्रो भेटतो. तो चक्क सख्ख्या बापावर खुनाचा खटला भरायला आलाय. नॅक्सोस बेटावर यांची शेती. तिथल्या एका मोलाच्या गड्याने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. बापाने गड्याचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि पुढे काय करायचं ते विचारायला अथेन्सला माणूस धाडला. निरोप परत येईपर्यंत गडी उपाशीपोटी, थंडीत कुडकुडून मेला.

पुढे सगळी चर्चा 'पुण्य म्हणजे काय' यावर. देवांना आवडतं म्हणून ते पुण्य, की पुण्य आहे म्हणून देवांना आवडतं? प्रश्न अस्सलच आहे. देवांच्या जागी कायदा ठेवा, बहुमत ठेवा, तो तितकाच टोचतो. युथिफ्रो एकेक व्याख्या देतो, सॉक्रेटिस ती उसवतो, आणि शेवटी युथिफ्रो घाई आहे म्हणून सटकतो. वाचणारे त्याला हसतात. मीही हसत आलेय.

पण सुरुवातीचं ते बोलणं! सॉक्रेटिस म्हणतो, मेलेला तुझ्या घरातलाच कुणी असणार, परक्यासाठी काय तू बापावर खटला भरणार आहेस? यावर युथिफ्रो म्हणतो की मेलेला आपला की परका, याने फरक पडतो असं तुला वाटावं हेच हास्यास्पद आहे. मारणाऱ्याने न्यायाने मारलं की अन्यायाने, एवढंच बघायचं.

माझ्या मते अख्ख्या संवादातलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच, आणि प्लेटोने ते या फुशारक्या मारणाऱ्या माणसाच्या तोंडी घातलंय. अथेन्समध्ये खुनाचा खटला सरकार भरत नसे, ते काम मेलेल्याच्या नातेवाइकांचं. या गड्याच्या बाजूने तर कुणी उभं राहिलेलं दिसत नाही. घरचे युथिफ्रोवर भडकलेत: बापाने मारलंच नाही, आणि मारलं असलं तरी तो गडी स्वतः खुनी, त्याच्यासाठी बापाला कोर्टात खेचतोस? ओळखीचा सूर आहे. युथिफ्रोही काही गड्याच्या प्रेमापोटी आलेला नाही म्हणा. खुन्याच्या पंगतीला बसून आपल्याला विटाळ होईल, ही त्याची खरी धास्ती. तरीपण आला तो एकटाच.

सॉक्रेटिस मात्र त्या वाक्यापाशी थांबतच नाही. ज्याने एवढे शब्द पिंजून काढले, त्याने हे सोडून द्यावं याचा मला खरंच राग आला. गड्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही.

पुष्कळ शतकांनी डायोजिनीस लाएर्टियसने तत्त्ववेत्त्यांची चरित्रं लिहिली. त्यात तो म्हणतो की सॉक्रेटिसशी बोलणं झाल्यावर युथिफ्रोने खटल्याचा नाद सोडला. हे तो सॉक्रेटिसच्या कौतुकात सांगतो.