कुंपणाआतले साहेब

मुंबईतल्या जुन्या साहेबलोकांची मला कधीकधी गंमत वाटते. ‘दोन पावसाळे हेच माणसाचं आयुष्य’ असं इथले सुरुवातीचे इंग्रजच म्हणायचे. तापानं कधी उचललं जाऊ, याचा भरवसा नाही, अशा गावात यांनी बस्तान बसवलं ते एकमेकांना धरून. 1833 साली भायखळा क्लब, मग यॉट क्लब, 1875 साली बॉम्बे जिमखाना. उन्हाळ्यात खाऱ्या वाऱ्यासाठी एस्प्लनेडवर, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, तंबू ठोकून राहायचं आणि पाऊस यायच्या आत सगळं गुंडाळायचं. मायदेश आठवावा म्हणून हा खटाटोप, पण भीतीही होतीच. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा आहेत. प्रार्थनेलाही बंदूक जवळ!

आपल्या माणसांत राहावंसं वाटणं मी समजू शकतो. पुण्याबाहेर गेलेले आपण दुसरं काय करतो? लगेच मंडळ काढतो, गणपती बसवतो. पण साहेबाचं मैदान मोठं मासलेवाईक. स्वतःची खेळपट्टी राखून ठेवायची आणि पोलोचे घोडे उधळायचे, ते जिथे पारशी-हिंदू पोरं क्रिकेट खेळत त्या भागात. टापांनी जमिनीची चाळण व्हायची, चेंडू कुठेही उसळायचा. 1880च्या दशकात या पोरांनी सरकारदरबारी अर्जांमागून अर्ज केले. पुढे समुद्राकाठी पारशी, हिंदू, इस्लाम असे जिमखाने उभे राहिले. म्हणजे साहेबाच्या कुंपणावर तक्रार करता करता आपणही धर्मवार कुंपणं घालून मोकळे झालो.

त्यातही पोटकुंपणं होतीच. दलित समाजातले क्रिकेटपटू पालवणकर बाळू पुण्यात साहेबांच्या क्लबवर खेळपट्टी सांभाळायचे, सरावाला गोलंदाजी करायचे. हिंदूंच्या संघात आले तेव्हा मैदानावर चेंडू सगळे झेलत, चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. 1906 साली हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा. तरी संघाचं कप्तानपद काही त्यांच्याकडे आलं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली, तेही बरीच वादावादी झाल्यावर.