स्विफ्टचे अलॉय : आधी टायर ठरवला, मग रिम

ओडोमीटर ७१,४२०

माझी मारुती स्विफ्ट व्हीडीआय (डिझेल), २०१४ ची. टायर १६५/८० आर१४, काळे लोखंडी रिम, वर प्लास्टिकची व्हीलकॅप. टायरची नक्षी संपत आली आहे, म्हणजे चारही बदलायचेच. अलॉयचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमचं, स्वप्न बरीच वर्षं बाजूला ठेवलं होतं, ते आता पूर्ण करतोय.

मंडळी, बहुतेक जण आधी रिम पसंत करतात आणि मग त्यावर बसेल तो टायर शोधतात. मीही सोळा इंची रिमच्या एका डिझाइनवर अडकलो होतो. मग वही काढून गणित मांडलं. ज्यांनी हे अजून केलेलं नाही त्यांच्यासाठी पूर्ण लिहितो.

१६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. १४ हा रिमचा व्यास, इंचात, म्हणजे ३५५.६ मिमी. त्यात वरची आणि खालची साइडवॉल मिळवली की उभा व्यास ६१९.६ मिमी. नवा टायर याच्या जितका जवळ, तितका स्पीडोमीटर, गिअरिंग आणि एबीएस सगळं जागेवर राहतं. मी स्वतःला दोन टक्क्यांची मर्यादा घातली.

१८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५, फरक ०.३ टक्के. १९५/६० आर१५ चा ६१५, पाऊण टक्क्याने लहान. १९५/५५ आर१६ चा ६२०.९, तोही उत्तम. आपल्याकडे सर्रास घातला जाणारा २०५/५५ आर१६ मात्र ६३१.९ वर जातो, फरक जवळजवळ दोन टक्के.

नुसत्या व्यासावर १९५/५५ आर१६ पास होतो. पण साइडवॉल बघा : आत्ता १३२ मिमी, १८५/६५ ला १२०, १९५/५५ ला १०७. मी कराडचा. दर महिन्याला पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो, पावसाळ्यातही. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली वरून कळत नाही. माझ्या मावसभावाच्या गाडीला ५० प्रोफाइलचे (साइडवॉल रुंदीच्या ५० टक्के) टायर होते. एका पावसाळ्यात दोन टायरना फुगे आले आणि एक रिम वाकला. माझ्यासाठी त्या पंचवीस मिलिमीटर रबराचं मोल रिमच्या दिसण्यापेक्षा जास्त आहे.

ओडोमीटर ७१,५०५

तरी मनातली सोळा इंची जाईना. एका मित्राकडे त्याच पिढीची स्विफ्ट आहे, १६ × ६.५जे रिम (जे च्या आधीचा आकडा रिमची रुंदी, इंचात), ऑफसेट ईटी ३८, टायर २०५/५५ आर१६. एका रविवारी त्याची चाकं माझ्या गाडीला लावून पाहिली.

ऑफसेट (ईटी) म्हणजे रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाला, जिथे टेकतो ती पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेरच्या बाजूला आहे ते अंतर. माझे मूळ रिम ५जे, ईटी ४५. रुंदी दीड इंच वाढली की प्रत्येक बाजूला १९ मिमी वाढतात. ऑफसेट ७ ने कमी झाला की सगळं चाक ७ मिमी बाहेर सरकतं. म्हणजे बाहेर २६ मिमी जास्त, आत शॉकअपकडे १२ मिमी जास्त. हे गणित आधी कळलं होतं, पण २६ मिमी म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं होतं.

घरात गणपतीची उरलेली शाडूची माती होती. तिच्या छोट्या गोळ्या करून मागच्या फेंडरच्या कडेला आतून आणि पुढच्या लायनरला (चाकावरच्या पोकळीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) चिकटवल्या. एकटा फिरून आलो, सगळ्या गोळ्या शाबूत. मग आई, बायको, आत्या आणि पुतण्याला बसवलं, डिकीत तांदळाचं पोतं टाकलं आणि तीन गतिरोधक पार केले. मागच्या दोन्ही बाजूंच्या गोळ्या चपट्या होऊन तुटल्या. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लायनरवर घासल्याची रेघ उमटली. चाचणी करायची तर भरल्या गाडीनेच करा. रिकामी गाडी यातलं काहीच दाखवत नाही.

घरातल्या वजनकाट्यावर चाकंही मोजली. माझं लोखंडी चाक टायरसकट साडेतेरा किलो, मित्राचं अठरा. अलॉय म्हणजे हलकंच असेल हे गृहीत धरू नका.

सोळा इंचीचा विषय त्या दिवशी संपला.

ओडोमीटर ७२,०१०

शेवटी १८५/६५ आर१५. याच पिढीच्या झेडडीआयला (डिझेलच्या वरच्या मॉडेलला) कंपनी हाच साइज देत असे, त्यामुळे सस्पेन्शनला तो परका नाही आणि विमा किंवा आरटीओच्या दृष्टीनेही मन निश्चिंत राहतं. १९५/६० चा मोह होता. पण दहा मिलिमीटर रुंदीपेक्षा चांगलं रबर ओल्या रस्त्यावर जास्त पकड देतं असं माझं मत आहे, आणि उरलेले पैसे मी टायरच्या दर्जात घातले. शिवाय स्टेपनी जुनीच १४ इंची राहणार. तिच्यात आणि नव्या टायरमध्ये व्यासाचा फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे घाटात पंक्चर झालं तर ती लावून घरापर्यंत बिनघोर येता येईल.

लोड इंडेक्स (टायर पेलू शकतो त्या भाराचा अंक) जुना ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. नवा ८८, म्हणजे ५६० किलो. हा आकडा मूळच्यापेक्षा खाली कधीच जाऊ देऊ नका, डिझेल गाडीचं तर नाकच जड असतं. आयएसआय मार्क पाहिला. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडेही वाचले : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात पहिला दाखवलेला सेट अडीच वर्षं जुना होता, तो परत ठेवायला लावला.

रिम १५ × ६जे, पीसीडी ४ × १०० (नटांची चार भोकं, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), ईटी ४०. बाहेर सुमारे १८ मिमी, आत ८. १८५ चा टायर ५ ते ६.५ इंचाच्या रिमवर चालतो, म्हणजे सहा अगदी आरामात. आठ भोकांचे, दोन पीसीडींचे रिम स्वस्त मिळत होते. मी एकाच पीसीडीचे घेतले, हबजवळ जितकं धातू शाबूत तितकं बरं.

नटांकडे विशेष लक्ष द्या. सुझुकीच्या स्टडचे (हबवरच्या बोल्टचे) आटे एम१२ × १.२५, म्हणजे जाडी १२ मिमी, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर. रिमसोबत आलेल्या पुडीत एम१२ × १.५ चे नट होते. पहिला नट दोन आट्यांनंतर हाताने फिरेना, तिथेच थांबवलं. गनने दाबून बसवला असता तर स्टडच गेला असता. योग्य नट मागवेपर्यंत दोन तास बसून राहिलो.

ओडोमीटर ७२,०९५

महामार्गावर, साताऱ्याच्या दिशेने, पंच्याऐंशी ते पंच्याण्णवच्या दरम्यान स्टिअरिंगला थरथर. शंभरच्या पुढे कमी. पुन्हा बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणीही करून घेतलं, तेच.

रात्री चाक काढून व्हर्निअर लावला. रिमच्या मधल्या भोकाचा व्यास ७३.१ मिमी, स्विफ्टच्या हबचा ५४.१. मधली जागा भरणारी रिंगच नव्हती! चाक फक्त नटांच्या उतारावर टेकलेलं, मध्याला केसभर सरकलेलं. यंत्रावर चाक आपल्या मध्यावर फिरतं, त्यामुळे तिथे दोष दिसतच नाही.

ओडोमीटर ७२,१८०

७३.१ ते ५४.१ च्या चार अ‍ॅल्युमिनियमच्या हब रिंगा आल्या. हबचा गंज वायरब्रशने काढला, रिंगा बसवल्या, गाडी जॅकवर असतानाच नट फुलीच्या क्रमाने हाताने आवळले, मग खाली उतरवून टॉर्क रेंचने. त्याच रस्त्यावर त्याच वेगात स्टिअरिंग गप्प! इतका आनंद मला अलॉय पहिल्यांदा लावले तेव्हाही झाला नव्हता. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासले, दोन किंचित सैल निघाले.

ओडोमीटर ७३,९४०

कुंभार्ली दोनदा झाला, एकदा भर पावसात आणि पाच माणसांसह. शाडूच्या गोळ्या पुन्हा लावल्या होत्या, सगळ्या जागेवर. वळणात गाडी पूर्वीसारखी झुकून वेळ घेत नाही, स्टिअरिंग पार्किंगमध्ये थोडं जड झालंय. टाकी ते टाकी मायलेज २१.४ होतं, आता २०.९. चाकाचं वजन पंधरा किलो भरलं, म्हणजे दीड किलोची वाढ आहेच. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा जीपीएस ७६, आधीही तेवढंच.

जुन्या नटांपैकी चार जॅकच्या पिशवीत ठेवलेत, स्टेपनीच्या लोखंडी रिमसाठी. टायरच्या जागांची अदलाबदल ८०,००० ला करणार. तेव्हा चारही टायरच्या नक्षीची खोली मोजून इथे टाकतो.