बेगडेवाडीची लोकल आणि कोहलीचा फुलटॉस

पुण्याबाहेर गहुंजेच्या स्टेडियमला मॅचला जायचं तर लोकलनेच जायचं हे माझं जुनं मत आहे, गाडी लावायला जागा शोधण्यात एक सेशन जातं आणि शिवाय लोकलमध्ये जी मॅच चालते ती वेगळीच. शनिवारी २६ ऑक्टोबरला (२०२४) सकाळी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली. मी, माझा मावसभाऊ आणि त्याचे काका, म्हणजे माझे नात्याने कोणी नाहीत पण लहानपणापासून काकाच. न्यूझीलंडविरुद्ध दुसऱ्या टेस्टचा तिसरा दिवस, त्यांच्याकडे ३०१ चा लीड, ५ विकेट हातात, म्हणजे आपण काय बघायला चाललोय हे तिघांनाही नीट माहीत होतं पण तिकिटं काढून झालेली.

खडकी यायच्या आत विषय निघाला, अर्थात कोहली. शुक्रवारी न्यूझीलंडचा स्पिनर सँटनर, त्याच्या फुलटॉसवर (टप्पा न पडता आलेल्या बॉलवर) आडवी बॅट फिरवून बोल्ड, १ रन. मावसभाऊ कोहलीचा कट्टर आणि त्याचं म्हणणं फुलटॉसवर कोणीही जातो, तो फॉर्म नाही तो अपघात. काका म्हणाले अरे अपघात एकदा होतो, गेल्या वर्षी जुलैमध्ये त्रिनिदादला सेंचुरी मारली त्यानंतर टेस्टमध्ये एक दाखव. हा म्हणला अहो काका पण टेस्ट खेळलाय किती तेवढ्यात, इंग्लंडची अख्खी सीरिज घरी होता, आणि परवा बंगळुरात ७० मारले ते? समोर बसलेला एक मुलगा, कानात हेडफोन, आम्हाला वाटलं गाणी ऐकतोय, तो एकदम हेडफोन काढून म्हणला, "पहिल्या इनिंगला शून्य होतं बंगळुरात." झालं, दापोडीपर्यंत पाच-सहा जण सामील. कोणी म्हणतंय रोहितचं काय, साउदीने शून्यावर दांडी उडवली त्याची, कोणी म्हणतंय राहुलला काढून सरफराजला ठेवलं ते बरोबर, १५० मारलेत मागच्या आठवड्यात, काढणार कसा.

पिंपरी-चिंचवड आलं की इथलाच ऋतुराज गायकवाड विषयात येणारच, तो नियमच आहे. आकुर्डीला चढलेला एक जण, पोरगा आमच्या इकडचा या थाटात, मागच्याच आठवड्यात मुंबईविरुद्ध रणजीत १४५ मारले की, याला फॉर्म नाही म्हणत का? त्यावर काका असे हसले. म्हणाले भाऊसाहेब निंबाळकर माहितीयेत का? १९४८ साली याच पुण्यात, पूना क्लबच्या ग्राउंडवर, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा, तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या स्कोअरचा रेकॉर्ड ९ रनवर होता आणि समोरच्या टीमने मॅचच सोडून दिली. आणि टेस्ट? एकही नाही खेळायला मिळाली आयुष्यात. डबा दोन मिनिटं गप्प. मग हेडफोनवाला म्हणला ४४३ ला स्ट्राइक रेट काय होता, आणि परत सुरू.

देहूरोड गेलं की घोरावडेश्वरचा डोंगर दिसायला लागतो आणि पुढचंच बेगडेवाडी. तिथे उतरून चालत निघालो, पाऊस नुकताच गेलेला त्यामुळे सगळं अजून हिरवं होतं, रस्त्याने झेंडे, गालावर रंग लावणारी पोरं. एरवी या स्टेशनवर कुत्रं पण उतरत नाही.

आत मॅचचं काय सांगू, स्कोअर सगळ्यांना माहितीच आहे. ते २५५ ला गेले, आपल्याला ३५९ हवे. रोहित ८ वर गेला पण जैस्वालने असा धुतला की लंचला १ बाद ८१, तेही १२ ओव्हरमध्ये, आणि मग माणूस वेडा होतो ना. काका, सकाळी सगळ्यांना म्हातारे ठरवणारे काका, म्हणायला लागले चेन्नईला २००८ मध्ये ३८७ केले होते, सेहवागने असंच सुरू करून दिलं होतं, होतंय बघ! ऊन डोक्यावर आणि आमच्या स्टँडला छप्पर नाही, पण लंचनंतर एक माणूस सावलीला गेला नाही.

जैस्वाल ७७ वर स्लिपमध्ये. पंत शून्यावर रनआउट, तेही कोहलीबरोबरच्या गोंधळात, त्यामुळे आमच्या रांगेतले निम्मे लोक उभे राहून एकमेकांवरच ओरडायला लागले. मग कोहली, १७, सँटनरला एलबी, रिव्ह्यू घेतला तर अंपायर्स कॉल, म्हणजे अंपायरने दिलेला आउट कायम. मोठ्या स्क्रीनवर तो पिवळा बॉल स्टंपच्या कडेला जेमतेम टेकलेला दिसला आणि स्टेडियमचा आवाजच गेला. याच मैदानात २०१९ ला नाबाद २५४ मारलेत त्याने. आणि याच मैदानात २०१७ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ० आणि १३, त्यांच्या ओकीफने १२ विकेट काढल्या होत्या ती मॅच. कुठला धरायचा मग?

टी पर्यंत सात गेले होते. शेवटी जडेजा एकटा लढत राहिला, ४२, शेवटची विकेटही त्याचीच. २४५ ऑलआउट, ११३ ने हरलो. इंग्लंडने २०१२ ला हरवलं होतं त्यानंतर घरी सलग १८ सीरिज जिंकलेल्या, ती लाइन गहुंजेत तुटली.

परतताना लोकलमध्ये तोच वाद, फक्त आवाज खाली. मला एक गोष्ट तेव्हा जाणवली आणि मी ती बोललो पण, की सकाळपासून आपण इतका फॉर्म फॉर्म करतोय, सँटनरचं नाव किती वेळा घेतलं? १३ विकेट काढल्या त्या माणसाने. त्याआधी टेस्टमध्ये एकदाही पाच काढलेल्या नव्हत्या. बॉल थोडा हळू सोडायचा, मधेच स्पीड बदलायचा, आणि आपण इकडे कोहलीचा डावा पाय पुढे पडत नाही यावर तासभर. कोणाला फारसं पटलं नाही. आकुर्डीवाला म्हणला सँटनरला विकेट आपणच दिल्या ना राव.

कासारवाडीच्या आसपास मावसभावाने मोबाईल काढला, वानखेडेला तिसरी टेस्ट १ तारखेपासून, तिकिटं बघत बसला. "तिथे मारतोय तो, लिहून घ्या."

"अरे १ तारखेला लक्ष्मीपूजन आहे," काका म्हणाले. मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत, "सकाळचंच तिकीट असतं ना? रात्रीपर्यंत येऊ परत."