तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जॉय ऑफ लाइफ’चा दुसरा सीझन का फिका वाटतो?

चिनी मालिका बघणाऱ्यांकडून हा प्रश्न सतत येतो: ‘जॉय ऑफ लाइफ’चा पहिला सीझन झोप मोडून संपवला, दुसरा मात्र रेटावा लागला, असं का? उत्तर देताना कथानकातली काही गुपितं फुटणार आहेत, पहिला सीझन बघायचा असेल तर इथेच थांबा.

थोडी पार्श्वभूमी. मूळ कादंबरी माओ नी यांची, २००७ ते २००९ या काळात इंटरनेटवर क्रमशः आलेली. पटकथा वांग ज्युआन यांची, दिग्दर्शन सुन हाओ यांचं. पहिला सीझन २६ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला, ४६ भागांचा. दुसरा १६ मे २०२४ ला, ३६ भागांचा. त्यातलं छिंग राज्य काल्पनिक आहे, चीनच्या शेवटच्या राजवंशाशी त्याचा संबंध नाही. दरबार, परीक्षा, गुप्तहेर खातं हे सगळं मात्र चिनी इतिहासातूनच उचललेलं. नायक फान शिआन आपल्या आजच्या जगातल्या आठवणी घेऊन तिथे जन्मलेला.

बहुतेक जण पहिलं बोट ठेवतात ते नट बदलल्यावर. गुप्तहेर खात्यातल्या यान बिंगयूनच्या भूमिकेत श्याओ झानऐवजी वू शिंगज्यान आला, ये लिंगअरही बदलली. हे खटकतं, पण एवढ्याने मालिका पडत नाही. नायक झांग रुओयून, सम्राट चेन दाओमिंग, चेन पिंगपिंगच्या भूमिकेतले वू गांग, वांग छिनियान झालेले त्यान यू, सगळे जागेवर आहेत आणि कुणाचंही काम उतरलेलं नाही. उतरलंय ते लेखन.

पहिल्या सीझनचं लेखन किती घट्ट होतं ते राजवाड्यातल्या मेजवानीत बघा. वृद्ध विद्वान झुआंग मोहान फान शिआनवर कविता चोरल्याचा आरोप करतो. कविता खरं तर आपल्या जगातल्या तांग काळातल्या कवी तू फूची, म्हणजे आरोप एका अर्थी खराही आहे. फान शिआन दारू पीत पीत तांग आणि सोंग काळातल्या कविता एकामागून एक म्हणत सुटतो आणि शेवटी सगळ्यांसमोर झिंगून पडतो. त्याच रात्री तो राजवाड्यात शिरून आईने मागे ठेवलेल्या पेटीची किल्ली मिळवतो. भर दरबाराने ज्याला बेशुद्ध पडताना पाहिलं, त्याच्यावर संशय कोण घेणार? म्हणजे एका प्रसंगात अपमानाचा बदला, चोरीची सोय आणि एका म्हाताऱ्या विद्वानाचं मोडून पडणं, तिन्ही एकदम. शिवाय तोपर्यंत नायकाला पेटवणारं कारण आपल्याला ठाऊक असतं: न्यूलान रस्त्यावरच्या हल्ल्यात त्याच्यासाठी मेलेला तंग झिजिंग. आरामात जगायला राजधानीत आलेला मुलगा त्या मृत्यूनंतर बदलतो, आणि पुढच्या प्रत्येक चालीला ते कारण चिकटून राहतं.

दुसऱ्या सीझनची सुरुवातच या हिशोबाला सोडून आहे. पहिल्याच्या शेवटी यान बिंगयून नायकाच्या पोटात तलवार खुपसतो. प्रेक्षक साडेचार वर्षं थांबले आणि कळलं काय, तर मृत्यूचा बनाव! बनावाला माझी हरकत नाही. सम्राटाला फसवणं हा देहदंडाचा गुन्हा, त्यामुळे त्यातून उत्तम ताण निघू शकला असता. पण सुरुवातीचे भाग लपाछपी आणि विनोदात जातात आणि सम्राट ही फसवणूक पोटात घालतो. गुन्ह्याची किंमत नायकाला मोजावी लागत नाही, हे एकदा लक्षात आलं की पुढच्या संकटांची धास्ती वाटेनाशी होते. त्यात प्रत्येक डाव शेवटी सम्राटाच्याच मुठीत सापडतो. पहिल्यांदा तो धक्का असतो, चौथ्यांदा नुसती वाट बघणं.

सगळंच वाईट आहे असं मात्र कुणी म्हणू नये. लाय मिंगचेंग या दरबारी टीकाकाराचा प्रसंग अख्ख्या मालिकेतल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी आहे. आधी फान शिआनवर तुटून पडलेला हा माणूस सत्य कळल्यावर थेट सम्राटापर्यंत जातो आणि दंडुक्यांच्या मारात प्राण सोडतो, शब्द मागे न घेता. वसंतातल्या सरकारी परीक्षेचा भागही भक्कम आहे. आपापली माणसं पास करा म्हणून बड्या लोकांकडून नावं येतात आणि नायक तो बाजार उघडा पाडतो. (उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकणं आणि परीक्षकाला अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती दुसऱ्याकडून नकलून घेणं, या दोन्ही पद्धती सोंग काळात खरोखर रुजल्या होत्या.) दुखणं हे की अशा प्रसंगाचा चटका पुढे टिकत नाही. लाय मिंगचेंगचं रक्त वाळायच्या आत मालिका पुन्हा थट्टामस्करीकडे वळते.

दुसरं कारण रचनेचं. तीन सीझनची योजना असल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याला कादंबरीचा मधला भाग आला, आणि तो बराचसा कारभाराचा आहे: खजिना, चोरटा व्यापार, नेमणुका, दक्षिणेकडच्या ज्यांगनान प्रांतातलं मिंग हे धनाढ्य व्यापारी घराणं. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या प्रसारण नियामकाने मालिका ४० भागांच्या आत ठेवण्याची सूचना काढली, त्यामुळे ४६ भागांची ऐसपैस जागाही राहिली नव्हती. अशा वेळी मधल्या सीझनला स्वतःचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं. इथे मिंग घराण्याशी झुंज जेमतेम पेटते आणि मालिका संपते. नायकाची आई ये छिंगमेई हिचा मृत्यू, उत्तरेतलं गूढ देवालय, ही पहिल्या सीझनने लावलेली मोठी ओढ तर कडेलाच राहते. दौबान या चिनी परीक्षण-संकेतस्थळावरचे (दहापैकी) गुणही पहिल्याला ८ च्या आसपास, दुसऱ्याला ७ च्या थोडे वर, आणि मला हा फरक रास्त वाटतो. भागांमध्ये घुसवलेल्या जाहिरातींवर चिनी प्रेक्षक चिडले ते वेगळंच.

तरी बघायचाच असेल तर आधी पहिल्या सीझनचे शेवटचे दोन-तीन भाग पुन्हा बघा. चोरट्या व्यापारात दुसऱ्या राजपुत्राचा हात कसा, हे डोक्यात ताजं नसेल तर दुसऱ्या सीझनची सुरुवात कळणारच नाही. बनावाचे भाग दीडपट वेगाने गेले तरी नुकसान नाही. लाय मिंगचेंग, परीक्षा आणि झुलत्या मंदिरावरचा हल्ला मात्र पूर्ण वेगाने, सबटायटल नीट वाचत बघा. ज्यांगनानचे शेवटचे भाग तिसरा सीझन येईपर्यंत राखून ठेवले तर जास्त बरं, कारण ते त्याचीच सुरुवात आहेत.