तुम्ही विचारलंत म्हणून: घराचा हप्ता चालू असताना कर्ज काढून गाडी घ्यावी का?

मी बँकेत कर्जाच्या टेबलवर होते, त्यामुळे रिटायर झाल्यावरही नात्यातली, सोसायटीतली पोरं एकच प्रश्न घेऊन येतात. काकू, फ्लॅट तर झाला, आता गाडीचं लोन काढू का? दसरा-पाडवा जवळ आला की फोनवर फोन. प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

विचारणारा बहुतेक वेळा ठरवूनच आलेला असतो. टेस्ट ड्राइव्ह झालेली असते, रंग ठरलेला असतो, बायकोने सीट कव्हर पण बघून ठेवलेली असतात, माझ्याकडून फक्त "घे रे" एवढं ऐकायचं असतं. मी म्हणते घे, पण एक वर्ष थांबून, आणि हप्ता मात्र या महिन्यापासूनच सुरू कर, स्वतःच्या नावावर. म्हणजे काय ते सांगते.

समजा पुण्याजवळ रावेतला ६० लाखांचा फ्लॅट, ४५ लाख कर्ज, आठ टक्के, वीस वर्षं. हप्ता येतो ३७,६४० रुपये. दोघांचा मिळून हातात येणारा पगार लाखभर. आता नऊ लाखांची पेट्रोल गाडी बघितली, त्याच्यावर आपल्या महाराष्ट्रात अकरा टक्के रोड टॅक्स म्हणजे ९९ हजार तिथेच गेले, वर इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, शोरूमवाला चिकटवतो त्या ॲक्सेसरीज, असं करत ऑन रोड साडेदहाच्या आसपास. अडीच लाख भरले अन् आठ लाख लोन काढलं, नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, तर हप्ता १६,६०७. पण शोरूममधला मुलगा हा आकडा सांगतच नाही, तो सांगतो १२,८७१, कारण त्याने सात वर्षं धरलेली असतात. पाच वर्षांत व्याज जातं १ लाख ९६ हजार, सात वर्षांत २ लाख ८१ हजार. आणि पाच वर्षं झाली की इन्शुरन्सवाले गाडीची किंमत निम्मी धरतात, तेव्हा सात वर्षांच्या लोनमध्ये तुमचं पावणेतीन लाखांच्या वर देणं बाकीच.

आणि हा नुसता हप्ता झाला. महिन्याला आठशे किलोमीटर गाडी फिरली तर पाचेक हजारांचं पेट्रोल, इन्शुरन्सचे महिन्याला दोन-सव्वादोन हजार बाजूला काढायला लागतात, सर्व्हिसिंग, गाडी धुणारा, पंक्चर, टोल. नऊ हजार धरा. म्हणजे गाडी महिन्याला साडेपंचवीस हजारांची. घराचा हप्ता धरून ६३ हजार गेले, उरलेल्या ३७ मध्ये किराणा, पोराची फी, गावाकडे पाठवायचे पैसे अन् आजारपण. जमतं का? कागदावर जमतं. बँक पण देते लोन, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) चांगला असला की मागे लागून देते.

खरी गोम अशी आहे की ताबा मिळाल्यावर पहिली एक-दोन वर्षं घर स्वस्त वाटतं. बिल्डर ताबा देताना वर्ष-दोन वर्षांचा मेंटेनन्स एकरकमी घेऊन टाकतो, म्हणून दर महिन्याला बिल येत नाही आणि माणूस ते विसरून जातो. मग सोसायटी रजिस्टर होते, पहिली जनरल बॉडी होते, त्यात चार तास भांडणं होतात आणि कळतं की तिमाहीला बारा हजार द्यायचेत. महापालिकेची घरपट्टी पण उशिराच लागते, आकारणी झाली की मागच्या थकबाकीसकट बिल दारात. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की त्याची वर्गणी वेगळी, रावेत-वाघोलीकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मग बाल्कनीला ग्रिल, खिडक्यांना जाळ्या, इन्व्हर्टर, वॉर्डरोब. ज्याने ताबा मिळाल्याच्या सहा महिन्यांत गाडी काढली, त्याला आपल्या घराचा खरा महिना किती रुपयांचा आहे हे माहीतच नसतं.

त्यात घराचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे रेपो रेट हलला की तुमचा व्याजदर पण हलतो. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. कर्जाचा दर त्याच्यावर चढतो, पावणेसात टक्क्याने ४५ लाखांचा हप्ता ३४ हजारांच्या आसपास बसतो, सव्वानऊने ४१ हजार. बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली म्हणून लोकांना टोचलं नाही, पण स्टेटमेंट नीट बघितलं तर कर्ज रिटायरमेंटच्या पलीकडे जाऊन बसलेलं. २०२५ मध्ये रेपो खाली आला, २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी पण २८ वरून १८ टक्के झाला, आणि तेव्हापासून मला येणारे फोन डबल. स्वस्त झाली हे खरंच आहे, पण दर उतरला म्हणून मोकळे झालेले तीन हजार घेऊन जो गाडी काढतो, तो दर पुन्हा चढेल तेव्हा काय करणार?

म्हणून माझी अट. साडेपंचवीस हजार दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी बाजूला काढायचे, आरडी करा, काही करा, आणि वर्षभर त्याला हात लावायचा नाही. गणपती, दिवाळी, एखादं लग्न, फीचा महिना, सगळं त्या वर्षात येऊ दे. आरडी मोडायला लागली नाही तर बिनधास्त गाडी घ्या, तीन लाख तुमच्याकडे जमलेले असतील, तेवढं कर्ज कमी काढा आणि चार वर्षांत फेडा. मोडायला लागली तर उत्तर मिळालं, आणि तेही बँकेला एक रुपया व्याज न देता.

एक हिशोब मी मुद्दाम दाखवते. तेच १६,६०० रुपये पाच वर्षं घराच्या कर्जात जादा भरले तर वीस वर्षांचं कर्ज सव्वातेरा वर्षांत संपतं. फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरले म्हणून दंड लागत नाही. गाडीचं लोन बहुतेक फिक्स असतं, ते लवकर बंद करायला गेलात की चार्ज लागू शकतो. हे ऐकून पोरं गप्प होतात, पण मी हा आकडा कुणाला गाडीपासून तोडायला सांगत नाही हं. आई-वडिलांना अष्टविनायक आत्ताच करायचं असतं, सव्वातेरा वर्षांनी नाही.

थांबूच नका असंही मी काही जणांना सांगते. घरात डायलिसिसचा पेशंट आहे, किंवा शिफ्ट रात्री दोनला सुटते आणि बाईमाणसाला एकटीने यायचंय, तिथे आरडीचं वर्ष बिर्ष बाजूला ठेवा. फक्त नवीच हवी हा हट्ट सोडा. साडेतीन-चार लाखांची चांगली वापरलेली गाडी जमेल तेवढी रोख देऊन घ्या, सर्व्हिस रेकॉर्ड आणि इन्शुरन्स क्लेम बघून. आणि जो शनिवार-रविवारच फिरणार आहे, रोज पिंपरीहून स्वारगेटला मेट्रोने जातो, त्याने साडेपंचवीस हजारांत किती रिक्षा आणि कॅब होतात हे एकदा मोजावं. हिंजवडीला गाडी घेऊन जाणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, त्यांची सहनशक्ती वेगळी आहे.

बुकिंगच्या आधी पार्किंगचं अलॉटमेंट लेटर शोधा. नुसतं "बिल्डर बोलला होता" चालत नाही. व्हिजिटर पार्किंगमध्ये रोज गाडी लावली की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, आणि मग सेक्रेटरीशी वर्षभर बोलणं बंद.

काही हुशार मंडळी विचारतात, काकू, होम लोनवरच टॉप-अप (त्याच घरावर जादा कर्ज) काढून गाडी घेतली तर? व्याज कमी लागतं. लागतं ना. आठ लाख आठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी, हप्ता फक्त ७,६४५, व्याज मात्र पावणेसहा लाख, आणि गाडी दहाव्या वर्षी विकून टाकली तरी हप्ता पाच वर्षं चालूच. टॉप-अप घ्यायचाच तर चार-पाच वर्षांत फेडायचा निश्चय करून घ्या. तसा फेडणारा माझ्या टेबलवर क्वचितच आला.

आणि ज्यांनी आधीच गाडी घेतली आहे आणि हप्ते संपत आलेत त्यांनी एवढं करा, शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ मागून घ्या आणि आरटीओत आरसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या. बँक ते आपोआप करेलच असं नाही, एनओसीला मुदत असते, आणि लोकांना हे गाडी विकायला काढल्यावर आठवतं.