घरातलं नेट मीच बंद पाडते

माझं कॉम्प्युटरचं शिक्षण शून्य आहे, दिवसभर हिशेब बघायचं काम करते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत राउटर म्हणजे दिवे लुकलुकणारा डबा आणि नेट गेलं की तो बंद करून चालू करायचा, एवढंच माझं ज्ञान. आता सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, पास झालेय आणि घरात कुणाचाही व्हिडिओ अडकला की पहिली हाक मलाच येते, "काय गं, परत काही उद्योग केलास का?" आणि खरं सांगायचं तर दहातल्या सात वेळा केलेलाच असतो.

सुरुवात एका केबलपासून झाली. आतल्या खोलीत वायफाय नीट पोचत नव्हतं म्हणून केबल टाकली आणि हौस म्हणून टोकांना कनेक्टर स्वतःच दाबून बसवले, म्हणजे क्रिंप केले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम तेव्हापासून जो डोक्यात बसलाय तो आता जात नाही. नेट आलं, मी खुश. मग दोन दिवसांनी सहज लिंकचा स्पीड बघितला तर १०० एमबीपीएस, हजार हवा होता. ड्रायव्हर बदलून झाला, राउटरच्या सेटिंग खालीवर करून झाल्या, पोर्टही बदलला, आख्खा रविवार गेला. शेवटी केबल टेस्टर लावला तर आठवा दिवा लागेना. तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती, उजेडात धरून बघितलं तर जेमतेम दोन मिलिमीटर मागे राहिलेली! १०० च्या स्पीडला फक्त १, २, ३ आणि ६ नंबरच्या तारा लागतात, गिगाबिटला, म्हणजे हजारला, आठही लागतात, म्हणून नेट चालत होतं पण लंगडत. "आधी फिजिकल लेयर बघा", म्हणजे आधी तारा-कनेक्टर तपासा, हे प्रत्येक कोर्समध्ये पहिल्या तासाला सांगतात आणि आपण ते मान डोलावून ऐकतो. मला ते त्या तपकिरी तारेने शिकवलं.

त्यानंतरचा प्रकार जास्त भारी होता. कपाटात एक जुना राउटर पडलेला, म्हटलं याचा ऍक्सेस पॉइंट करू, तेवढंच वायफाय पसरेल. मेन राउटरच्या लॅन पोर्टातून केबल काढून त्याच्या लॅन पोर्टात घातली, नाव-पासवर्ड दिला, झालं. संध्याकाळपासून घरात विचित्र प्रकार सुरू. ताईचा फोन चालतोय, आईचा नाही, माझा लॅपटॉप चालतोय, पण झोपवून उठवला की नाही, आणि पुन्हा वायफाय बंद-चालू केलं की कधी चालतो कधी नाही. बिघाड कायमचा असला की सापडतो, हा असला लपंडाव डोक्याला ताप असतो.

वायरशार्क, नेटवर्कवरची रहदारी दाखवणारं सॉफ्टवेअर, नुकतंच टाकलेलं, नुसतं उघडून पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, धावताना बघायचे आणि आपण काहीतरी हॅकर असल्यासारखं वाटून घ्यायचं, एवढाच त्याचा उपयोग चालला होता. त्या रात्री फिल्टरमध्ये डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक उपकरणाला नेटवर्कचा पत्ता वाटणारी व्यवस्था, टाइप केलं, लॅपटॉपचा पत्ता सोडला आणि परत मागितला. आता पुस्तकात चार पायऱ्या असतात, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ऍक. लॅपटॉप ओरडून विचारतो की कोणी पत्ता देतं का, सर्व्हर म्हणतो हा घे, लॅपटॉप म्हणतो बरं हा घेतो, सर्व्हर म्हणतो ठीक. माझ्या स्क्रीनवर मात्र एका डिस्कव्हरला दोन ऑफर आल्या होत्या! एक १९२.१६८.१.१ कडून, तो आमचा खरा राउटर. दुसरी १९२.१६८.०.१ कडून, कोण बाई हा? तर तो कपाटातला म्हातारा. त्याचं डीएचसीपी बंद करायचं मी विसरले होते, त्यामुळे तोही जोरात पत्ते वाटत बसला होता, आणि गेटवे म्हणून, म्हणजे बाहेर जायचं दार म्हणून, स्वतःचं नाव सांगत होता. त्याच्या वॅन पोर्टात, जिथे बाहेरच्या इंटरनेटची तार लागते, काहीच नव्हतं, म्हणजे त्याच्याकडे गेलेलं पॅकेट तिथेच संपलं. ज्याची ऑफर आधी पोचेल त्याचा पत्ता उचलला जायचा, म्हणून सगळा नशिबाचा खेळ.

डीएचसीपी बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता हाताने दिला, पाच मिनिटांत घर शांत. बऱ्याच महिन्यांनी अभ्यासात डीएचसीपी स्नूपिंगचा धडा आला, ज्यात स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याला, सांगून ठेवतात की ऑफर फक्त या विश्वासातल्या पोर्टावरून आली तरच पुढे सोड. बाकीच्यांना तो रुक्ष वाटतो म्हणे. मी तो हसत हसत वाचला.

इथपर्यंत येता येता मला वाटायला लागलं की आपल्याला येतं. हाच घोटाळा. म्हणून परीक्षेचा फॉर्म भरला, १२० मिनिटं, २००-३०१ नंबरची सीसीएनए, आणि पहिल्या वेळी सपशेल आपटले.

रिझल्टमध्ये विषयवार टक्के येतात. नेटवर्क ऍक्सेस, म्हणजे स्विच, व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं), वायरलेस वगैरे, छान होतं. आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे राउटरांनी रस्ते शोधणं, ज्याला सगळ्यात जास्त म्हणजे २५ टक्के वजन आहे, तिथे दाणादाण. विचार केला तर कारण अगदी सरळ होतं. घरात राउटर एकच. त्याला रस्ता एकच माहीत, जे कळत नाही ते बाहेर ढकल. राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो राउटिंग प्रोटोकॉल लागेल अशी वेळ घरात येणारच कशी? मी दोन वर्षं जे मोडलं ते दुरुस्त करायला शिकले, आणि जे माझ्याकडे नव्हतंच ते कधी मोडलं नाही, त्यामुळे तिथे कोरी पाटी. सिलॅबस ही कंटाळवाणी गोष्ट आहे हे माझं मत अजूनही आहे, पण आपल्या घरात काय नाही याची यादी दुसरीकडे कुठे मिळत नाही.

एक सरावातलं उदाहरण देते. राउटरला एक रस्ता स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, माहीत आहे, १०.१.१.० स्लॅश २४ (स्लॅशचा आकडा जितका मोठा तितका पत्त्यांचा गट छोटा). दुसरा ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलकडून आलाय, १०.१.१.६४ स्लॅश २६. पॅकेट १०.१.१.७० ला जायचंय, कुठून जाईल? मी म्हटलं स्टॅटिक, कारण त्याचं ऍडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे रस्त्याच्या भरवशाचा आकडा, १ आणि ओएसपीएफचं ११०, छोटा आकडा जिंकतो. चूक. आधी बघतात जास्त नेमका रस्ता कुठला, स्लॅश २६ मध्ये ६४ पत्ते बसतात, ६४ ते १२७, त्यात ७० आलं, संपला विषय. डिस्टन्सची तुलना दोन्ही रस्ते अगदी एकाच नेटवर्कचे असले तरच होते. हे मी पाठ केलेलं होतं बरं का, कार्ड करून, रोज सकाळी. तरी चुकलं.

मग पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सिम्युलेटरमध्ये चार राउटर मांडले, जसा घरात धुमाकूळ घातला तसाच इथे घालायचा ठरवून. ओएसपीएफ चालू केलं, शेजारी एकमेकांना भेटले, मग एका बाजूचा हॅलो टायमर, म्हणजे किती सेकंदांनी शेजाऱ्याला हाक मारायची तो आकडा (दोन्हीकडे सारखा लागतो), १० वरून ५ केला आणि घड्याळ बघत बसले. ४० सेकंदांच्या आत शेजार तुटला. मग एरिया बदलला, मास्क चुकवला, दोघांना एकच राउटर आयडी दिला, आणि दर वेळी आधी वहीत लिहायचं की आता काय होईल, मग बघायचं. वहीत निम्म्याहून जास्त अंदाज खोडलेले आहेत. सबनेटिंगला, म्हणजे पत्त्यांचे गट पाडायच्या हिशेबाला, मात्र असली काही युक्ती नाही, रोज वीस गणितं, महिनाभर, वाटेल तिथे. मला हिशेबाच्या कामाचा फायदा झाला असेल, पण जादू काही नाही.

आणि डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, घेऊन पाठ करणाऱ्यांबद्दल, जाऊ दे, उगाच तोंड कडू.

दुसऱ्या वेळी पास. परीक्षेत मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, एकदा पुढे गेलात की गेलात, हे आधीपासून माहीत असून पण पहिल्या वेळी मी अडकलेल्या प्रश्नावर बारा मिनिटं घालवली होती. या वेळी नाही घालवली.

पास झाले त्याच आठवड्यातली गोष्ट. मी एक सेकंडहँड मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच घेतलेला, पंखा असा ओरडतो की तो खोलीबाहेर ठेवलाय. त्याच्यावर व्हीलॅन १० घरच्यांसाठी, २० टीव्ही आणि स्मार्ट दिव्यांसाठी. लॅबसाठी ३० करायचा होता आणि तो ऍक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या केबलवर, सोडायचा होता. सोफ्यावर बसून, त्याच वायफायवरून स्विचमध्ये लॉगिन होऊन, मी टाइप केलं: स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०. एंटर.

कर्सर गोठला.

मध्ये 'ऍड' हा शब्द घालायचा असतो. नाहीतर स्विच समजतो की आता फक्त ३० च चालू द्यायचा, १० आणि २० हाकला. म्हणजे मी बसलेली फांदी मीच छाटली, आणि हेच वाक्य दहा दिवसांपूर्वी माझ्या स्वतःच्या कार्डावर लाल पेनाने लिहिलेलं होतं. आतून ताईचा आवाज, माझी मीटिंग! कन्सोल केबल, स्विचला थेट जोडायची, शोधायला लागले, नेहमीप्रमाणे जिथे ठेवली तिथे नाही. मग लक्षात आलं की मी कॉन्फिग सेव्ह कुठे केलंय? बदल फक्त रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे आत्ता चालू असलेल्या सेटिंगमध्ये आहे, स्टार्टअपमध्ये, म्हणजे स्विच सुरू होताना जे वाचतो त्यात, अजून जुनंच आहे. पळत जाऊन स्विचची वायर उपटली, दहापर्यंत मोजलं, परत लावली. जुन्या स्विचला उठायला चार-पाच मिनिटं लागतात, ती मिनिटं ताई दारात हाताची घडी घालून उभी होती.

नेट आलं. ती म्हणाली, "बंद करून चालूच केलंस ना शेवटी?"