आधी नक्कल, मग अस्सल : दोर्दोन्यच्या गुहा आणि किल्ले

आमची चूक आधी सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही विमानाची तिकिटं काढली, राहायचं घर ठरवलं, गाडी ठरवली आणि गुहांचं बुकिंग सगळ्यात शेवटी केलं. नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात जायचं तर हा क्रम बरोबर उलटा हवा. तिथल्या फाँ-द-गोम गुहेत हजारो वर्षांपूर्वीची रंगीत चित्रं अजून अस्सल पाहता येतात, पण दिवसाला शंभर माणसंही आत सोडत नाहीत. आम्ही होतो चौघं : मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. तिकिटं मिळाली दोन. त्यावरून घरात जे झालं ते पुढे येईलच.

सप्टेंबरचे आठ दिवस हातात होते. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो, तेव्हा इकडे फिरकू नका. आणि हिवाळ्यात बऱ्याच गुहा, किल्ले आणि हॉटेलं बंद असतात. पॅरिसहून वेगवान रेल्वेने बोर्दोला दोन-सव्वादोन तासांत पोहोचता येतं आणि तिथून सार्ला गावापर्यंत साधी गाडी पावणेतीन तासांच्या आसपास घेते. पण सार्लाला उतरल्यावर पुढे काय? बस फारशा नाहीत. गुहा एका नदीवर, किल्ले दुसऱ्या नदीवर. त्यामुळे आम्ही बोर्दोलाच गाडी भाड्याने घेतली. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच ठासून सांगा आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारा. आम्ही सांगितलं होतं, तरी काउंटरवर गिअरची गाडीच पुढे आली. पंचवीस वर्षं पुण्यात गाडी हाकलेला माझा नवरा पहिले दोन तास गिअर टाकायला डावा हात न्यायचा आणि तो दारावर आपटायचा. आणखी एक : खेड्यातल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो एखाद्या बोळातून येत असला तरी. हा नियम आम्हाला मागच्या गाडीच्या हॉर्नने शिकवला.

सार्लाजवळच्या खेड्यात आठवड्यासाठी घर घेतलं होतं. तिकडे अशा घराला जीत म्हणतात. मधासारख्या पिवळ्या दगडाचं घर, वर उतरतं छप्पर, मागे अक्रोडाची झाडं. आई (म्हणजे सासूबाई) शाकाहारी असल्यामुळे स्वयंपाकघर असलेलं घर हवंच होतं. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, लोणचं सगळं नेलं. तूप आणि पेढे मात्र पिशवीतून काढून ठेवले, कारण बाहेरून येणाऱ्यांना युरोपात दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कुकरही नेला, आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की शेगडी इंडक्शनची आणि कुकर ॲल्युमिनियमचा! खिचडी शेवटी त्यांच्या जड बिडाच्या भांड्यात झाली, आणि फार छान झाली. तुम्ही स्टीलचा कुकर न्या.

आता गुहा. हा भाग म्हणजे व्हेझेर नदीचं खोरं. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, त्यांच्या पोटात कपारी आणि गुहा. इथल्या लेझेझी गावात १८६८ मध्ये रेल्वेच्या कामात एका कपारीत सांगाडे सापडले. त्या कपारीचं नाव क्रो-मान्यों, आणि शाळेच्या पुस्तकातला क्रो-मॅग्नन माणूस तो हाच. १९७९ पासून खोऱ्यातली चित्रगुहा आणि वस्त्यांची ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

लास्को त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. १९४० च्या सप्टेंबरात मार्सेल राविदा हा तरुण आणि त्याचे तीन मित्र एका भोकातून आत घसरले आणि समोर भिंतभर बैल, घोडे, हरणं. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली आणि पुढची पंधरा वर्षं लोक तिच्यात नुसते श्वास घेत राहिले. माणसाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाची वाफ, दिव्यांचा उजेड. भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, पांढरे क्षार फुटले. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ती बंद केली, ती आजतागायत बंद आहे. आता माँतिन्याक गावाबाहेर, त्याच टेकडीच्या पायथ्याशी, जवळजवळ पूर्ण गुहेची प्रतिकृती आहे. तिला लास्को-चार म्हणतात, ती २०१६ च्या डिसेंबरात उघडली.

नक्कल पाहायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं मलाही वाटत होतं. आत गेल्यावर हवा गार झाली, आवाज दबला आणि डोक्यावर साडेपाच मीटर लांबीचा बैल आला, तेव्हा तो प्रश्न मी विसरून गेले. आईंनी मात्र अजिंठ्याची आठवण काढली. लग्नानंतर त्या अजिंठ्याला गेल्या होत्या तेव्हा वाटाड्या पांढऱ्या कापडाने आरसा झाकल्यासारखं काहीतरी करून उजेड आत फेकायचा. "आपलंही असंच कधीतरी बंद करतील का रे?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. अजिंठ्यालाही घामाची, श्वासाची आणि वटवाघळांची काळजी आहेच, आणि तिथेही आता पायथ्याला काही लेण्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. फरक वयाचा. अजिंठ्याच्या बहुतेक चित्रांना दीड हजार वर्षं झाली, ही त्याच्या दसपटीहून जुनी.

माझा सल्ला : लास्को-चार पहिल्या दिवशीच करा. तिथे कसं पाहायचं ते शिकवतात. खडकाचा फुगवटा जनावराचं पोट कसा होतो, पलीकडच्या बाजूचे पाय आणि अंग यांच्यामध्ये रंग न लावता जागा सोडून खोली कशी दाखवली आहे. हे डोळ्यांत बसलं की खऱ्या गुहेतल्या पुसट रेषाही दिसू लागतात. इंग्रजीतल्या फेऱ्या कमी असतात, वेळ पाहून ऑनलाइन तिकीट काढा. आत तापमान मुद्दाम गार ठेवलंय, स्वेटर लागतो.

दुसऱ्या दिवशी रूफिन्याक. गुडघे दुखणाऱ्यांना ही गुहा म्हणजे वरदान, कारण आत विजेच्या छोट्या गाडीतून नेतात. काळोखातून किलोमीटरभर आत जायचं. वाटेत जमिनीत मोठमोठे खळगे दिसतात, ते गुहेतल्या अस्वलांनी हिवाळी झोपेसाठी उकरलेले. भिंतींवर त्यांच्या नखांचे ओरखडे. आणि मग मॅमथ, म्हणजे हिमयुगातले केसाळ हत्ती, एकामागून एक, दीडशेहून जास्त. काही बोटांनी मऊ मातीत ओढलेले, काही काळ्या रेषांनी काढलेले, एकाची तर शेपटीखालची झडपसुद्धा दाखवली आहे. शेवटच्या दालनाच्या छतावर साठेक जनावरांची गर्दी आहे. आज आपण तिथे उभे राहतो ते जमीन खणून खाली नेली म्हणून. काढणारा त्या काळी आडवा पडून, नाकासमोरच्या छतावर काढत होता. अख्खं चित्र त्याला एका नजरेत कधी दिसलंच नसेल. याच छतावर मेणबत्तीच्या काजळीने लिहिलेली अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली नावंही आहेत. किल्ल्यावर बदाम कोरणारे आपल्याकडेच असतात असं नाही. आम्ही तिकिटं उघडायच्या आधी अर्धा तास जाऊन खिडकीवर घेतली. इथे फोटो काढू देत नाहीत, आणि खऱ्या चित्रगुहांत कुठेच काढू देणार नाहीत असं धरूनच चाला.

आणि फाँ-द-गोमची दोन तिकिटं. नवरा म्हणाला, तू जा. मी म्हटलं, तू जा. हे दोन दिवस चाललं. शेवटी लेकीने निकाल लावला, "आजी आणि मी." स्वागतकक्षापासून गुहेच्या तोंडापर्यंत चारेकशे मीटरची चढण आहे. आई काठी टेकत, दोनदा थांबून चढल्या. पिशव्या खाली ठेवाव्या लागतात, कारण आतली वाट इतकी अरुंद की खांदा घासला तरी नुकसान. आम्ही दोघं खाली बाकावर बसून राहिलो.

पाऊण तासाने दोघी खाली आल्या. लेक बायसनबद्दल बोलत होती. लाल गेरू, काळं मँगनीज, गाइडबाईंनी दिवा बाजूला नेला की खांद्याचा उंचवटा कसा वर येतो, वगैरे. आई गप्प होत्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "दोन हरणं आहेत. एक खाली वाकलंय आणि दुसरं त्याचं कपाळ चाटतंय. आपली गाय वासराला चाटते ना, तसं." ते प्रसिद्ध चित्र आहे, रेनडियरच्या जोडीचं, मी ते पुस्तकात पाहिलं होतं. आईंना त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि रेषा फार पुसट झाल्या आहेत म्हणतात. तुमच्यात एकाच माणसाला तिकीट मिळालं तर घरातलं सगळ्यात कमी वाचून आलेलं माणूस आत पाठवा.

किल्ल्यांना वेगळं बुकिंग करायची गरज आम्हाला पडली नाही. ते दोर्दोन्य नदीवर एका ओळीत आहेत. कास्तेलनो आणि बेनाक हे समोरासमोरचे वैरी : इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात एक बराच काळ इंग्रजांकडे, दुसरा फ्रेंचांकडे, मध्ये नदी. राजगड-तोरणा चढलेल्या माणसाला आधी हे किल्ले चिमुकले वाटतात. माची नाही, मैलभर तटबंदी नाही. एका कड्यावर सगळं उंच उंच रचलेलं. पण जंग्या, बुरूज, दरवाजावरून दगड टाकायची भोकं पाहिली की ओळख पटते. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय आहे आणि तटावर दगड फेकणारी भलीमोठी लाकडी यंत्रं उभी केली आहेत. एका टोकाला वजनाची पेटी, दुसऱ्या टोकाला गोफण. मुलं बरोबर असतील तर दोनांपैकी हाच घ्या. बेनाक जास्त रखरखीत, जास्त खरा. फक्त नदीकाठी गाडी लावून गावातून चढू नका. वरच्या वाहनतळापर्यंत गाडी जाते हे आम्हाला घामाघूम होऊन वर पोहोचल्यावर कळलं.

मिलांद हा किल्ला लढाईचा नाही. अमेरिकेतून येऊन पॅरिस गाजवलेली नर्तकी जोसेफीन बेकर इथे राहायची. तिने तो १९४७ मध्ये विकत घेतला, जगभरातली बारा मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली आणि कर्जापायी गमावला. घर सोडायला लावल्यावर स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेली ती, असा एक फोटो आहे. महायुद्धात तिने फ्रान्ससाठी हेरगिरी केली होती. २०२१ मध्ये पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, तिला मानाची जागा मिळाली. ती नाचताना घालायची तो केळ्यांचा प्रसिद्ध घागराही इथे आहे. आम्ही तासभराच्या बेताने गेलो आणि अख्खी दुपार गेली.

नदीवरून हे सगळं पाहायचे दोन मार्ग. नवरा आणि लेक भाड्याची कनू घेऊन वल्हवत गेले, किल्ल्यांच्या पायथ्याखालून. सप्टेंबरात पाणी उथळ असतं, पोहता येत असलं म्हणजे झालं. मी आणि आई ला रॉक-गाजाक गावातून गाबार नावाच्या सपाट तळाच्या होडीत बसलो. पूर्वी अशाच होड्यांतून लाकूड आणि वाइन बोर्दोकडे जायची. हे गाव कड्याला इतकं चिकटून आहे की १९५७ मध्ये कड्याचा तुकडा घरांवर कोसळला होता.

जेवणाचं बोलायलाच हवं. हा बदकांचा आणि हंसांचा मुलूख. बटाटेसुद्धा त्यांच्याच चरबीत परततात, आणि "शाकाहारी" म्हटल्यावर ते बटाटे आनंदाने पुढे करतात. "सां व्यांद, सां ग्रेस द कानार" हे पाठ करून जा : मांस नको, बदकाची चरबी नको. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. तिथे अक्रोड, अक्रोडाचं तेल, बकरीच्या दुधाच्या चीजच्या छोट्या चकत्या, स्ट्रॉबेरी. अक्रोडाचं तेल गरम कढईत घालू नका, कडवट होतं. आईंनी ते मेतकूट-भातावर घातलं आणि तुपाची उणीव भरून काढली. दुपारी दोननंतर हॉटेलात जेवण मागू नका, स्वयंपाकघर बंद होतं. रविवारी दुपारनंतर दुकानंही बंद, तेव्हा दूध-ब्रेड शनिवारीच घ्या.

तासाभरावर पादिराक आणि रोकामादूर आहेत. पादिराक म्हणजे जमिनीला पडलेलं पंचाहत्तर मीटर खोल भोक आणि खाली वाहती नदी. लिफ्टने उतरून होडीतून फिरवतात. मात्र होडीनंतर भरपूर पायऱ्या आहेत, आई वरच थांबल्या. रोकामादूर हे कड्यावरचं देवस्थान, काळ्या मेरीचं. २१६ पायऱ्या, काही यात्रेकरू गुडघ्यांवर चढतात. आईंना आम्ही लिफ्टने न्यायचं ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "वणीला चढले होते, इथे का नाही?" आणि निघाल्या. साठाव्या पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "लिफ्ट कुठे आहे ती?"